पायऱ्यांच्या गल्लीतली पिवळी खुर्ची

कुबिकांच्या घरात डावं-उजवं चालत नसे. मिठाची बरणी पश्चिमेच्या फळीवर असायची, कुत्रा सोफ्याच्या दक्षिण टोकाला झोपायचा आणि ब्रिनच्या तोंडाला सॉस लागला की आई म्हणायची, "पूर्वेचा गाल पूस." नेब्रास्कातल्या त्यांच्या भागात हे इतकं रोजचं होतं, की त्यात हसण्यासारखं काही असेल असं ब्रिनला कधी वाटलंच नव्हतं. तिथे जमीन ताटासारखी सपाट आणि रस्ते पट्टी ठेवून ओढल्यासारखे. दर मैलाला एक रस्ता, तोही थेट उत्तर-दक्षिण नाहीतर थेट पूर्व-पश्चिम. ब्रिनचे बाबा ड्वेन कुबिक यांचं काम म्हणजे हे खडीचे रस्ते सारखे करणं. लांब पात्याच्या पिवळ्या यंत्रावर बसून ते दिवसभर सरळ रेषेत जायचे आणि सरळ रेषेत परत यायचे. जन्मात त्यांनी कुणाला वाट विचारली नव्हती. तिकडे विचारण्यासारखं असतं काय?

असा हा माणूस ऑगस्टातल्या एका ढगाळ सकाळी पिट्सबर्गच्या हॉटेलात नाश्त्याला बसून पोरीला अट घालत होता.

"फोन," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला.

ब्रिनने फोन दिला. बाबांनी तो आईकडे सरकवला आणि आईने, मार्लाने, तो पर्सच्या तळाशी, खोकल्याच्या गोळ्यांच्या खाली गाडला.

"तीन आठवडे इथे एकटी राहणार म्हणतेस ना?" बाबा म्हणाले. "मग आजचा दिवस आम्हाला फिरव. पायी. फोन बंद पडलाय असं समज. ती तुझी काचेची शाळा दाखव, दुपारी खायला घाल आणि संध्याकाळच्या जेवणाला आम्हाला याच दारात आणून सोड. मी वाट सांगणार नाही. तोंडातून एक दिशा काढणार नाही."

"आणि आणलं तर?"

"तर बघू."

"बघू काय रे ड्वेन?" अर्लीन आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण. गावात शाळेची बस चालवायची, त्यामुळे तिच्यापुढे कुणाची टाळाटाळ फार वेळ टिकत नसे. "आणलं तर पोरगी पुढच्या उन्हाळ्यात इथे येणार. नाही आणलं तर नाही येणार. सरळ बोल. मी पंच."

"बरं. तसं."

"तसं म्हणजे कसं?"

"तू म्हणतेस तसं," बाबा म्हणाले. पंचांनी समाधानाने टेबलावरची दोन केळी उचलून पर्समध्ये घातली.

खरं म्हणजे या शहरात त्यांचं काही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या ओहायोत आईच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न होतं, आणि तेवढ्यासाठी ते घरून दोन दिवस गाडी हाकत आले होते. मधला हा एक दिवस ब्रिनने मागून मागून मिळवला होता. दोन वर्षांपूर्वी जत्रेत तिने एका बाईला काच फुगवताना पाहिलं होतं. लांब नळीच्या टोकाला मधासारखा लालभडक गोळा, बाईने गाल फुगवले आणि त्या गोळ्याच्या पोटात एक पोकळी जन्मली. त्या दिवसापासून ब्रिनला दुसरं काही सुचत नव्हतं. गावात हे सांगावं तरी कुणाला? गावात कुणी काही फुगवत असेल तर ते ट्रॅक्टरचं चाक. पिट्सबर्गात मात्र शाळेतल्या मुलांसाठी उन्हाळ्यात तीन आठवडे काचकाम शिकवत. बाकी सगळं जमलं होतं. राहिला होता बाबांचा होकार, आणि तो आता या एका दिवसाला टांगलेला होता.

नकाशा तिने घरीच पाठ केला होता. खोटं कशाला, तो तिला शाळेतल्या कुठल्याही धड्यापेक्षा छान पाठ होता.

सकाळ मजेत गेली. दोन नद्या येऊन मिळतात आणि तिथून तिसरी निघते त्या टोकाशी ब्रिनने सगळ्यांना अचूक नेलं. तिथल्या कारंज्याशी उभं राहून आईने फोटो काढले, सगळ्यांचे डोळे मिटलेले असतानाचे. बाबा वाटेत दिसेल त्याला "मॉर्निंग!" म्हणत होते. बहुतेक लोक न बघता पुढे जात. एकाने मात्र थांबून काळजीने विचारलं, "काही हवंय का तुम्हाला?"

"नाही, नाही. मॉर्निंग म्हणालो."

"का?"

बाबा पुढे चालले. तरी पुढचा चौक ओलांडताना थांबलेल्या गाडीवाल्याला त्यांनी तर्जनी उचलून दाखवलीच. त्यांच्या गावी समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरून असं बोट उचलतात, नाहीतर लोकांना वाटतं घरात कुणी आजारी आहे.

"ड्वेन, बोट आवर," आत्या म्हणाली. "एखाद्या दिवशी मोडून हातात देतील."

जुन्या लोखंडी पुलावरून नदी ओलांडून ते पलीकडे गेले. पलीकडे म्हणजे दक्षिणेला, हे ब्रिनला ठाऊक होतं, पण तिने उच्चारलं नाही. आज ती पुढारी होती आणि पुढाऱ्याने सगळंच बोलून दाखवू नये, असं तिला वाटायला लागलं होतं. दुपारी तिने सगळ्यांना सँडविच खाऊ घातलं. तिथल्या पद्धतीप्रमाणे बटाट्याचे तळलेले तुकडे आणि कोबीची कोशिंबीर बशीत न देता पावातच कोंबलेली होती. बाबांनी पाव उघडून पाहिला, मिटला, पुन्हा उघडला.

"सगळं आत पडलंय," ते म्हणाले.

"पडलं नाही, घातलंय," ब्रिन म्हणाली.

"मुद्दाम?"

"बाबा, खा ना!"

त्यांनी खाल्लं. सगळं खाल्लं आणि आईच्या सँडविचचा दक्षिणेकडचा अर्धा भागही खाल्ला. पण दिशेचं नाव तोंडातून काढलं नाही. अट म्हणजे अट.

इथपर्यंत ब्रिन जवळजवळ उड्या मारत चालली होती. काचेची शाळा गाठायला आता फक्त टेकडी चढायची होती. नकाशावर खालच्या मोठ्या रस्त्यापासून वरपर्यंत एक गल्ली सरळ, अगदी काठीसारखी गेली होती. आजूबाजूचे सगळे रस्ते आतड्यांसारखे वळलेले, आणि हा एकटा शहाणा. म्हणून तिने तो निवडला होता. कोपऱ्यावर निळी पाटी होती, पाटीवर गल्लीचं नाव होतं. ब्रिन ऐटीत वळली आणि जागच्या जागी थांबली.

गल्ली नव्हतीच. जिना होता. सिमेंटच्या पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा, आणि त्या पायऱ्या झाडांत, घरांच्या कुशीतून, परसातल्या वाळत घातलेल्या चादरींच्या शेजारून वर वर ढगात गेल्या होत्या.

बाबा पाटीकडे बघत राहिले. मग पायऱ्यांकडे. मग पुन्हा पाटीकडे.

"हा रस्ता?" त्यांनी विचारलं.

"नकाशावर रस्ताच आहे."

"याला नाव दिलंय."

"हो."

"लोकांचे पत्ते आहेत याच्यावर." खरोखरच, अर्ध्या वाटेवर एका घराचं दार पायरीवरच उघडत होतं आणि दाराशी टपालाची पेटी होती. बाबांनी कठड्याला हात लावून तो हलवून पाहिला, वाकून पायरीची धार पाहिली. "मग इथे यंत्र कसं चढवतात?"

"उचलून," आत्या म्हणाली. "चल, चढ. तुझ्या जिल्ह्यातला रस्ता नाहीये हा."

ते चढले. बाबांचा गुडघा यंत्रावर चढून-उतरून आधीच कामातून गेलेला. ते दर वीस पायऱ्यांनी कठडा तपासायच्या निमित्ताने थांबत आणि कुणी काही म्हणत नसे. आई प्रत्येक टप्प्यावर "आलं का?" विचारी. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर नदी, पूल, उंच इमारती सगळं पायाशी होतं. ब्रिनला वाटलं, झालं, जिंकलो.

आणि इथेच तिने ती चूक केली, जी तिच्या गावच्या कुणीही केली असती.

पायऱ्या संपल्या तिथून शाळा जरा मागे राहिली होती. गावी असं झालं तर काय करतात? उजवीकडे वळतात, मग उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे, की मागच्या रस्त्याने जागेवर. चौकोनाला चारच बाजू असतात. ब्रिन उजवीकडे वळली. रस्ता थोडा वाकला. ती पुन्हा उजवीकडे वळली. तो रस्ता घसरला आणि मग लाजल्यासारखा मुरडला. तिसऱ्यांदा वळली तेव्हा नदी दिसेनाशी झाली होती. सूर्य बघावा तर आभाळ मळकट गोधडीसारखं सगळीकडे सारखंच. गावी कुठूनही धान्याचं उंच कोठार दिसतं. इथे प्रत्येक घराच्या मागे दुसरं घर उभं होतं, पहिल्याच्या डोक्यावर.

मग तिने ठरवलं, दिशा गेली खड्ड्यात. नदी खाली आहे ना? मग खाली जायचं. ती उताराला लागली. उतार संपला, आणि तळाला नदी नव्हती. एक गटार होतं, एक बंद गॅरेज होतं आणि समोर पुन्हा चढ. टेकडी ओलांडून आपण मागच्या बाजूला उतरलोय, हे तिला तेव्हा कळलं.

"थोडंच राहिलंय," ब्रिन मोठ्याने म्हणाली आणि पुन्हा चढायला लागली.

"हे तू मघाशीही म्हणालीस," आत्या म्हणाली. "आणि अंगणात उभ्या पुरलेल्या न्हाणीच्या टबातली ही मेरीमाता आपण दुसऱ्यांदा बघतोय."

"ती वेगळी होती."

"तिचंही नाक तुटलेलं होतं?"

ब्रिन पुढे चढत राहिली. बाबा काही बोलत नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांनी हसावं, चिडवावं, "बघ, म्हटलं होतं ना" असं काहीतरी म्हणावं. पण ते नुसते मागून येत होते, एक पाय जरा ओढत. आईने पर्स छातीशी धरली होती. पर्सच्या तळाशी फोन होता आणि फोनमध्ये सगळं शहर होतं. ब्रिनने नुसता हात पुढे केला असता तरी आईने तो दिला असता. आणि मग पुढचा उन्हाळा गावीच, ट्रॅक्टरच्या चाकांसोबत.

चढाच्या वर एक अरुंद रस्ता लागला. दोन्ही बाजूंना गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. त्यांच्या रांगेत एकच जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेच्या बरोबर मधोमध एक खुर्ची. स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची, नळीचे पाय, पिवळं रेक्झीन, बैठकीला चिकटपट्टीचं ठिगळ.

बाबांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला.

"बघा," ते म्हणाले. "आणि तुम्ही म्हणता शहरातले लोक माणूसघाणे. चढून आलेल्याला टेकायला खुर्ची ठेवलीय बिचाऱ्यांनी."

"रस्त्यात?" आई म्हणाली.

"मग कुठे ठेवणार? दमतो माणूस रस्त्यातच." आणि ते बसले. गुडघा लांब केला, टोपी मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. खुर्चीचा रंग त्यांच्या यंत्रासारखाच होता, त्यामुळे ते तिच्यावर अगदी घरच्यासारखे दिसत होते.

तेवढ्यात एक जुनी तपकिरी गाडी आली आणि त्यांच्यासमोर थांबली. बाबांनी डोळे उघडले आणि तर्जनी उचलली. गाडी हलली नाही. बाबांनी पुन्हा तर्जनी उचलली. गाडीची काच खाली आली. आत पांढऱ्या केसांची, मोठ्या चष्म्याची एक म्हातारी बाई होती आणि मागच्या सीटवर किराण्याच्या पिशव्या.

"बरं वाटतंय ना?" बाईने विचारलं.

"हो, छान," बाबा म्हणाले. "थोडा गुडघा धरलाय."

"कॉफी आणू? पाय ठेवायला स्टूल?"

"नको, नको, कशाला त्रास," बाबा म्हणाले. त्यांना ते खरंच वाटलं होतं.

बाईने वळून आत्याकडे पाहिलं. प्रत्येक घरात असा एक असतो आणि घरातल्या बाकीच्यांना ते माहीत असतं, अशा नजरेने. "हे तुमचे?"

"भाऊ आहे," आत्या म्हणाली. "बदलून मिळत नाही."

"मग त्याला सांगा, तो माझ्यावर बसलाय." बाईने हात खिडकीबाहेर काढून खुर्चीकडे बोट दाखवलं. "ती खुर्ची म्हणजे मी. मी दुकानात गेले की गाडीची जागा राखायला तिथे ती असते. अख्ख्या रस्त्यात तिला कुणी हात लावत नाही. हिवाळ्यात फावडं मारून बर्फ काढते मी त्या जागेवरचा. पलीकडचा लॅरी तोंड उघडलं की शिव्याच देतो, पण तोसुद्धा कधी खुर्ची हलवत नाही. आणि तुम्ही तिच्यावर झोप काढताय."

बाबा असे उठले की गुडघ्याचाही त्यांना विसर पडला. "बाई, माफ करा. आमच्याकडे... आमच्याकडे जागा खूप आहे. कुणाला राखावी लागत नाही."

"आमच्याकडे म्हणजे कुठे?"

"नेब्रास्का."

"हं," बाई म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "ते काही तुमच्या हातात नाही."

बाबांनी खुर्ची दोन्ही हातांनी, देवळातल्या मूर्तीसारखी उचलून फुटपाथवर ठेवली. बाईने गाडी एका झटक्यात, दोन गाड्यांच्या मध्ये, वीतभर फट ठेवून बसवली. बाबा थक्क झाले. मग न सांगता त्यांनी मागचं दार उघडून पिशव्या काढल्या आणि तिच्या दाराशी नेऊन ठेवल्या. बाईचं नाव डॉटी हुडाक होतं. जन्म याच घरात झाला, आणि मरणार तीही इथेच, कारण गाडीला दुसरीकडे जागा मिळायची नाही, असं तिने सांगितलं.

ब्रिन फुटपाथवर उभी होती. तिला समोर दिसत होतं की विचारण्यासारखा माणूस मिळालाय. आणि तिला हेही दिसत होतं की विचारलं तर संपलं. आपण वाट चुकलो हे बाबांच्या देखत कबूल करायचं, ज्या बाबांनी जन्मात कुणाला विचारलं नाही. नाही विचारलं तर अजून एक चढ, अजून एक उतार, नाक तुटलेली तिसरी मेरीमाता. तिने बाबांकडे पाहिलं. ते दारातल्या पायरीचा आधार घेऊन वाकडे उभे होते आणि आपण मजेत आहोत असं दाखवत होते.

"मिसेस हुडाक," ब्रिन म्हणाली, "आम्ही हरवलोय. मी हरवलेय. हे सगळे नुसते माझ्या मागे आलेत. काचेची शाळा कुठे आहे?"

मागे आत्याने केळं सोलायला घेतलं होतं, ते अर्धवट राहिलं.

"एवढंच?" डॉटी म्हणाली. "सरळ जा. सोकोलची बेकरी होती तिथे वळ. मग सेंट कॅसिमिरचं चर्च होतं तिथून खाली उतर. मग जुनं अग्निशमन केंद्र. तीच शाळा."

ब्रिन दोन पावलं गेली आणि परत आली. "सोकोलची बेकरी होती. म्हणजे आता नाही?"

"नाही कशी, मी शाळेत होते तेव्हा... हं. आता नाही."

"मग आता काय आहे?"

"मध्ये नखं रंगवायचं दुकान होतं. तेही गेलं."

"मग मला दिसेल काय?"

डॉटी दाराला किल्ली लावता लावता थांबली. असं तिला आजवर कुणी विचारलं नसावं. "हिरवं शटर," ती हळूहळू म्हणाली. "खाली ओढलेलं. त्यावर कुणीतरी मासा काढलाय."

"आणि चर्चच्या जागी?"

"चर्च पाडलं. रिकामी जागा आहे. नाही, थांब, घंटा ठेवलीय त्यांनी. गवतात नुसती घंटा आहे."

"आणि तिथून खाली म्हणजे रस्त्याने की पायऱ्यांनी?"

"पायऱ्यांनी. रस्त्याने गेलीस तर पुन्हा माझ्याकडेच येशील. सगळे येतात." डॉटीने ब्रिनला चष्म्यावरून नीट पाहिलं. "इथे माणसं एवढं विचारत नाहीत, पोरी. 'कळलं' म्हणतात, हरवतात, आणि मग मला दारातून दिसतात."

"मला कळलं नाही म्हणून विचारलं."

"तेच म्हणतेय."

मासा, घंटा, पायऱ्या. ब्रिन निघाली. मासा लगेच सापडला. घंटा सापडेना, तेव्हा तिने पायरीवर सिगारेट ओढत बसलेल्या एका बाईला विचारलं. तिने नुसता अंगठा मागे केला. एकदा विचारल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं, आणि तिसऱ्यांदा तर तिने एका कुत्र्याला फिरवणाऱ्या माणसाला गरज नसतानाही विचारलं, नुसती खात्री करायला. बाबा मागून येत होते. दर वेळी ती विचारताना ते दोन पावलं अलीकडे थांबत आणि कान देऊन ऐकत.

शाळेचे मोठे दरवाजे भट्टीच्या उकाड्यामुळे सताड उघडे होते. पूर्वी जिथून आगीचे बंब निघत, तिथे आता सात-आठ मुलं घामाने निथळत काम करत होती. एका मुलीच्या नळीच्या टोकाला पेरूएवढा लाल गोळा होता. ती तो फिरवत होती, न थांबता फिरवत होती, कारण थांबलं की काच ओघळते. ब्रिन दारात उभी राहिली आणि तिला इतर तिघांचा पूर्ण विसर पडला. तिथे थांबायला तिला कितीही वेळ चालला असता. तेवढ्यात त्या मुलीचा गोळा सुटला, जमिनीवर पडला आणि तडकला. ती शांतपणे एक शिवी देऊन झाडू आणायला गेली.

"जमीन सपाट आहे," बाबा आत डोकावून म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं कौतुक. "चांगली ओतलीय. पाणसळ लावून केलेली दिसतेय."

आई म्हणाली, "भाजेल तिला."

आत्या म्हणाली, "भाजू दे. आपल्यातलं कोण भाजलं नाही?"

परतीची वाट ब्रिनने विचारतच काढली. पायऱ्यांनी खाली, रेल्वेचे रूळ ओलांडून, मग नदी. ढग विरळ झाले आणि सूर्य अगदी नदीच्या टोकाशी, पश्चिमेला, जणू दिवसभर तिथेच बसला होता असा दिसला. तो आता कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

पुलाच्या मध्यावर आत्या थांबली. "पंचांचा निकाल," ती म्हणाली. "शाळा दाखवली. खायला घातलं. जेवणाच्या वेळेला हॉटेल समोर आहे. पोरगी जिंकली."

"तिने विचारलं," बाबा म्हणाले.

ब्रिन गर्रकन वळली.

"अट काय होती?" आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली. "फोन नाही. तू सांगणार नाहीस. विचारायचं नाही असं कधी म्हणालास?"

"नाही म्हणालो. ते म्हणावं लागेल असं वाटलंच नव्हतं."

"मग?"

बाबांनी टोपी मागे सारली. ते कठड्याला टेकून नदीकडे बघत राहिले. ब्रिनने काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, आणि लगेच म्हणाली, "बाबा, मी नसतं विचारलं तर आपण अजून तिथेच असतो. तू पुढे असतास तरी तिथेच असतो. फक्त तू म्हणाला असतास, थोडंच राहिलंय."

आई म्हणाली, "ब्रिन!" पण फार जोरात नाही.

बाबा चालू लागले. पूल संपला. रस्त्यापलीकडे हॉटेल होतं, नावाची पाटी पेटलेली, एवढी मोठी की विमानातूनही वाचता यावी. बसथांब्यावर एक माणूस डबा मांडीवर घेऊन बसला होता. बाबा थबकले. टोपी काढली, पुन्हा घातली, आणि थेट त्या माणसासमोर जाऊन उभे राहिले.

"मॉर्निंग," ते म्हणाले. सवयीने. मग घसा साफ केला. "आमचं हॉटेल कुठे आहे, सांगाल का?" आणि त्यांनी नाव सांगितलं.

माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यावरून पलीकडे, पेटलेल्या पाटीकडे. मग थोडं मागे सरकून, मागे उभ्या असलेल्या तीन बायकांकडे. मग अगदी सावकाश, लहान मुलाला सांगतात तसं, तो म्हणाला, "ते. ते समोर. रस्ता ओलांडा."

"आभारी आहे," बाबा म्हणाले.

ते परत आले तेव्हा त्यांचे कान लाल झालेले होते.

"सांगतात की," ते ब्रिनला म्हणाले.

"सांगतात," ब्रिन म्हणाली.

"तो हसला नाही."

"नाही हसला."

सिग्नल बदलला. एकही गाडी येत नव्हती, तरी बाबा सिग्नलमधला चालणारा माणूस उजळेपर्यंत थांबले होते आणि आता निघाले. रस्त्याच्या मधोमध आल्यावर, न वळता, ते म्हणाले, "रोज रात्री फोन करायचा. आईला. आणि त्या खुर्चीवाल्या बाईकडे जाऊन सांगायचं, माझं चुकलं म्हणून. मी नीट सांगितलं नाही."

ब्रिन रस्त्याच्या मध्येच उभी राहिली. आत्याने तिला दंडाला धरून पलीकडे ओढलं.

"उड्या हॉटेलात मार," आत्या म्हणाली. "आणि ड्वेन, पंचाला आइस्क्रीम लागतं. कुठे मिळतं ते जा, विचारून ये."